वर्गणीतून उभा राहिलेला वाद्यवृंद: लाइपझिगचे गेवांटहाउस

मोंढा_रोड (परभणी)

आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणपतीच्या दहा दिवसांत चौकातल्या मंडपात होणारा सिनेगीतांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो, आणि त्यात गैर काहीच नाही. माझा पुतण्या शिक्षणासाठी जर्मनीतील लाइपझिग शहरात राहतो. तिथल्या वाद्यवृंदाबद्दल तो फोनवर सांगू लागला, तेव्हापासून गेली दोन वर्षे मी या एका विषयावर जमेल तसे वाचतो आहे. त्यातून बनलेले मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना खोडून काढणे सोपे जाईल. हा वाद्यवृंद कुणा राजाच्या मर्जीने उभा राहिला नाही. तो गावच्या वर्गणीने उभा राहिला, आणि म्हणूनच राजे गेले, सरकारे बदलली, दोन वास्तू नाहीशा झाल्या, तरी तो वाजत राहिला.

लाइपझिग हे सॅक्सनी प्रांतातील व्यापारी शहर. प्रांताचा दरबार ड्रेस्डेनला होता, त्यामुळे दरबारी वादकही तिकडेच होते. लाइपझिगला होत्या त्या मोठ्या जत्रा, ज्यांत दूरदूरचे व्यापारी कापड, कातडी आणि पुस्तके घेऊन येत. विद्यापीठ होते, आणि विद्यार्थ्यांची वादक मंडळेही होती. त्यांतले एक मंडळ टेलेमान या संगीतरचनाकाराने १७०२ च्या सुमारास सुरू केले. पुढे योहान सेबास्टियन बाख याने ते कित्येक वर्षे चालवले, आणि त्याच्या बैठका त्सिमरमान यांच्या कॉफीगृहात होत. बाख १७२३ पासून १७५० मध्ये वारला तोपर्यंत थोमास चर्चचा संगीतप्रमुख होता. तिथल्या मुलांच्या गायकवृंदाची परंपरा १२१२ पासूनची आहे. आपल्या देवगिरीवर तेव्हा यादवांचे राज्य होते.

बाख हयात असतानाच, ११ मार्च १७४३ रोजी, शहरातील सोळा जणांनी, त्यांत काही सरदार आणि काही व्यापारी, पैसे एकत्र करून सोळा वादकांची बैठक सुरू केली. म्हणजे माणशी एक वादक. नाव ठेवले ‘मोठी मैफल’. आरंभी ती खासगी घरांत भरे, नंतर ‘तीन हंस’ नावाच्या खानावळीत. मध्ये सात वर्षांच्या युद्धाने तिच्यात खंड पडला. नंतर शहराने ठरवले की या बैठकीला कायमची जागा हवी, आणि ती जागा मिळाली कापड व्यापाऱ्यांच्या वखारीत. ‘गेवांट’ म्हणजे कापड आणि ‘हाउस’ म्हणजे घर. त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर लाकडी दालन बांधले गेले, आणि २५ नोव्हेंबर १७८१ रोजी तिथे पहिली मैफल झाली. पाचएकशे माणसे मावत. विशेष म्हणजे श्रोते वादकांकडे तोंड करून न बसता आपल्या पंगतीसारखे लांबोळक्या रांगांत समोरासमोर बसत. भिंतीवर रोमन तत्त्वज्ञ सेनेका याचे वचन लिहिलेले होते. खरा आनंद ही गंभीर गोष्ट आहे, असा त्याचा आशय.

ज्या पैठणचे आणि तेरचे कापड सातवाहन काळात भडोच बंदरातून समुद्रापार जात होते, त्या प्रदेशात बसून कापडाच्या वखारीत जन्मलेल्या वाद्यवृंदाबद्दल वाचताना मला फार गंमत वाटली, हे कबूल करतो. मोंढ्यातले आडते आणि कापड बाजारातले शेठ सप्ताहाची वर्गणी देतात, तसेच हे. गुरुवारी मैफल करण्याची जुनी चाल तिथे अजूनही पाळली जाते.

मृदंगी (गंगाखेड)

दादा, लेख आवडला. मी सप्ताहात मृदंग वाजवतो, म्हणून एक शंका विचारतो, ती अडाणीपणाची वाटल्यास क्षमा असावी. आमच्या भजनात वीस टाळकरी उभे असतात, पण हातात छडी घेऊन समोर कोणी उभे राहत नाही. चाल वाढवायची तर बुवा खूण करतात, मी हात बदलतो, आणि टाळ आपोआप मागे येतात. मग या मंडळींना छडीवाला कशासाठी लागतो? तो स्वतः तर एकही सूर काढत नाही.

मोंढा_रोड (परभणी)

मृदंगीबुवा, शंका अडाणीपणाची मुळीच नाही, कारण लाइपझिगमध्येही जवळजवळ शंभर वर्षे तुमच्यासारखीच पद्धत होती. मोठ्या रचना चालू असताना पहिला व्हायोलिनवादक आपल्या जागेवरूनच गजाच्या इशाऱ्याने सर्वांना सांभाळत असे. वाद्यवृंदाचा प्रमुख म्हणवला जाणारा मनुष्य गायन असलेल्या रचनांपुरताच पुढे येई. हे बदलले १८३५ मध्ये, जेव्हा सव्वीस वर्षांचा फेलिक्स मेंडेल्सझोन प्रमुख म्हणून आला आणि छडी हातात घेऊन संपूर्ण वाद्यवृंद स्वतः चालवू लागला. भजनात सर्वजण एकच चाल धरून असतात. सिंफनीत, म्हणजे संपूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेत, मात्र एकाच वेळी आठ-दहा निरनिराळ्या ओळी चालू असतात, आणि कित्येक वादकांना शंभर-शंभर मात्रा गप्प बसून नेमक्या जागी प्रवेश करायचा असतो. शेजारी काय चालले आहे यावरून तिथे अंदाज बांधता येत नाही. छडी लागते ती यासाठी. तरीही जुन्या चालीची एक खूण पुष्कळ वर्षे टिकली. व्हायोलिन आणि व्हायोला वाजवणारे गेवांटहाउसमध्ये एकोणिसाव्या शतकभर उभे राहून वाजवत असत, अगदी तुमच्या टाळकऱ्यांसारखे.

मेंडेल्सझोनचे नुसते छडीपुरते सांगून थांबणे बरे नाही. त्या काळी श्रोत्यांना नवे संगीत हवे असे. वारलेल्या रचनाकारांचे संगीत जुने बाड समजून बाजूला पडे. बाखचेही तेच झाले होते. बर्लिनमध्ये १८२९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, मेंडेल्सझोनने बाखची ‘मॅथ्यू पॅशन’ ही मोठी धार्मिक रचना पुन्हा उभी केली होती. लाइपझिगला आल्यावर त्याने बाख, हेंडेल, हायडन, मोझार्ट अशा क्रमाने जुने रचनाकार ऐकवणाऱ्या ‘ऐतिहासिक मैफली’ सुरू केल्या. ऑगस्ट १८४० मध्ये त्याने थोमास चर्चमध्ये एकट्याने ऑर्गन वाजवून बाखच्या स्मारकासाठी पैसे गोळा केले, आणि पुढच्या वर्षी ‘मॅथ्यू पॅशन’ तिच्या मूळ जागी, थोमास चर्चमध्ये, पुन्हा वाजली. स्मारक १८४३ मध्ये उभे राहिले, आणि त्याच वर्षी त्याच्याच प्रयत्नाने संगीत विद्यालयही निघाले, जिथे पुढे नॉर्वेचा ग्रीग शिकला. वादकांचा पगार वाढावा म्हणून तो शहराच्या कारभाऱ्यांकडे खेटे घालत असे. मला या सगळ्यात ही शेवटची गोष्ट सर्वांत मोठी वाटते. १८४७ मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी तो गेला.

गोदाकाठ (नांदेड)

भाऊ, आपण कष्ट घेऊन लिहिले आहे, पण सप्ताहाची तुलना मला मान्य नाही. मी तीस वर्षे शाळेत शिकवले आहे आणि गावोगावचे सप्ताह पाहिले आहेत. सप्ताहात ज्याने पाच हजार दिले तो आणि ज्याने पायलीभर ज्वारी दिली तो, दोघेही एकाच पंगतीत जेवतात, आणि ज्याने काहीच दिले नाही त्यालाही कोणी उठवत नाही. इथे नांदेडात गुरुद्वाऱ्यात कीर्तन चालते, तिथेही दाराशी कोणी पावती मागत नाही. आपल्या सोळा शेठ-सरदारांनी मैफल उभी केली ती स्वतःसाठी. पाचशे माणसांच्या दालनात हमाल, शिंपी, मोलकरीण यांना जागा होती का? ज्या वर्गणीने दार उघडते तिला मी वर्गणी म्हणेन. जिच्यामुळे दार बंद राहते ती फी झाली.

मोंढा_रोड (परभणी)

ताई, आपले म्हणणे बरोबर आहे आणि मी माझा शब्द तेवढ्यापुरता मागे घेतो. गेवांटहाउसच्या मैफली दीर्घकाळ सधन कुटुंबांच्याच राहिल्या. श्रोत्यांच्या आवडीनिवडीही कडक असत. ब्राम्स या रचनाकाराने आपला पहिला पियानो कन्चेर्टो, म्हणजे एक मुख्य वाद्य आणि त्याच्या साथीला वाद्यवृंद अशी रचना, १८५९ च्या जानेवारीत तिथे वाजवला, तेव्हा टाळ्या वाजवणारे थोडे आणि नापसंतीचा फूत्कार काढणारे जास्त होते. वीस वर्षांनी, १ जानेवारी १८७९ रोजी, त्याच दालनात त्याच्या व्हायोलिन कन्चेर्टोचा पहिला प्रयोग झाला. व्हायोलिनवर योआखिम होता आणि छडी खुद्द ब्राम्सच्या हातात होती. स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. लाइपझिगमध्येच जन्मलेली क्लारा वीक, म्हणजे पुढची क्लारा शूमान, १८२८ मध्ये अवघ्या नऊ वर्षांची असताना गेवांटहाउसच्या मंचावर पियानो वाजवून गेली, आणि नंतर अनेक दशके तिथे येत राहिली.

आपण म्हणता ते दार उघडायला १९१८ साल उजाडावे लागले. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. वाद्यवृंदाचा तेव्हाचा प्रमुख आर्थर निकिश याने ३१ डिसेंबरच्या रात्री कामगारांसाठी बीथोवेनची नववी सिंफनी वाजवली. ती गेवांटहाउसमध्ये झाली नाही. क्रिस्टल पॅलेस नावाच्या प्रचंड मोठ्या सभागृहात, कामगारांच्या शिक्षणसंस्थेच्या वतीने, कामगारांच्याच गायकवृंदांना सोबत घेऊन झाली. सुरुवात रात्री अकराला केली, म्हणजे सर्व माणसे भाऊ होतील असे म्हणणारा शेवटचा भाग नव्या वर्षाच्या तोंडावर यावा. वर्षअखेरीला नववी वाजवण्याची प्रथा तिथे या रात्रीपासून पडली आणि ती आजही चालू आहे.

इतिहासाचे_पान (छत्रपती संभाजीनगर)

मूळ लेखातील एका वाक्यावर मला थांबावेसे वाटते. ‘सरकारे बदलली तरी तो वाजत राहिला’ असे आपण लिहिले आहे. हे खरे आहे, पण ही प्रत्येक वेळी कौतुकाचीच गोष्ट नव्हे.

निकिशनंतर फुर्टव्हेंग्लर आला, आणि १९२९ पासून ब्रुनो वाल्टर प्रमुख होता. तो ज्यू होता. मार्च १९३३ मध्ये नव्या नाझी सरकारने त्याला लाइपझिगमध्ये मैफल करू दिली नाही, आणि त्याला देश सोडावा लागला. वाद्यवृंद वाजत राहिला. मेंडेल्सझोन हा ज्यू घराण्यात जन्मून लहानपणी ख्रिस्ती झालेला होता. ज्या माणसाने या शहराला बाख परत मिळवून दिला, त्याचा गेवांटहाउससमोरचा पुतळा १९३६ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत काढून टाकण्यात आला. महापौर कार्ल गोर्डेलर त्या वेळी परगावी होता. परतल्यावर त्याने पुतळा पुन्हा बसवण्याचा आग्रह धरला, तो मानला गेला नाही, म्हणून त्याने पद सोडले. पुढे हिटलरविरोधी कटात सापडून १९४५ च्या फेब्रुवारीत तो फाशी गेला. म्हणजे निषेध केला तो एका महापौराने. ज्यांच्या वर्गणीवर आपण भर देता, ते नेहमीचे श्रोते गुरुवारच्या मैफलींना येतच राहिले. पुतळ्याची प्रतिकृती शहरात पुन्हा उभी राहिली ती २००८ मध्ये, म्हणजे बहात्तर वर्षांनी.

संस्था टिकणे आणि संस्थेने आपल्या माणसांच्या पाठीशी उभे राहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली वर्गणीने साधते. दुसरी साधेलच असे नाही.

मोंढा_रोड (परभणी)

आपल्या या परिच्छेदावर मी दोन दिवस विचार केला, म्हणून उत्तराला उशीर झाला. आपण उघडे पाडलेले वाक्य मी पुन्हा लिहिले तर ‘वाजत राहिला’ एवढेच लिहीन, त्यात अभिमान मिसळणार नाही.

आता वास्तूंबद्दल. पहिले दालन अपुरे पडू लागले तेव्हा १८८४ मध्ये दुसरे गेवांटहाउस बांधले गेले. त्याचा नाद इतका उत्तम होता की अमेरिकेतील बोस्टनचे प्रसिद्ध सिंफनी हॉल बांधताना त्याचाच नमुना समोर ठेवला गेला. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत ते जळाले, आणि उरलेल्या भिंती १९६८ मध्ये पाडण्यात आल्या. दुसरे दालन गेल्यापासून तिसरे उभे राहीपर्यंत, म्हणजे तीन तपांच्या आसपास, हा जगप्रसिद्ध वाद्यवृंद शहराच्या प्राणिसंग्रहालयाला लागून असलेल्या सभागृहात मैफली करत होता. आपल्याकडे नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद पडले की कार्यक्रमच बंद पडतात, म्हणून ही गोष्ट मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

तिसरे गेवांटहाउस ८ ऑक्टोबर १९८१ रोजी उघडले. तेव्हा तिथे पूर्व जर्मनीचे साम्यवादी सरकार होते, आणि १९७० पासून प्रमुख असलेल्या कुर्ट मासुर याने त्या सरकारच्या मागे लागून ते बांधून घेतले. सुमारे १,९०० आसने आहेत, आणि सेनेकाचे तेच वचन आता ऑर्गनवर लिहिलेले आहे.

याच मासुरचे नाव ९ ऑक्टोबर १९८९ शी जोडलेले आहे. सेंट निकोलस चर्चमधील सोमवारच्या प्रार्थनेनंतर लोक दर आठवड्याला निदर्शने करत होते. त्या सोमवारी सुमारे सत्तर हजार माणसे रस्त्यावर आली, आणि गोळीबार होणार अशी धास्ती सर्वांना होती. मासुर, एक धर्मशास्त्रज्ञ, एक विनोदी कलावंत आणि सत्ताधारी पक्षाचे तीन जिल्हा पदाधिकारी अशा सहा जणांनी शांततेचे आवाहन तयार केले, आणि ते शहराच्या ध्वनिक्षेपकांवरून मासुरच्या आवाजात ऐकवले गेले. गोळी झाडली गेली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. त्याच सुमारास मासुरने गेवांटहाउसची दारे नागरिकांच्या जाहीर चर्चांसाठी खुली केली. गोदाकाठताईंच्या दाराच्या मुद्द्याला हेही एक उत्तर आहे, मात्र ते मिळायला २४६ वर्षे लागली हे मी लपवत नाही. इतिहासाचे_पान यांच्या मुद्द्याला हे उत्तर होत नाही, हेही मला कळते. १९३३ मध्ये असे सहा जण पुढे आले नाहीत.

गोदाकाठ (नांदेड)

प्राणिसंग्रहालयाची हकीकत वाचून मी माझ्या मताला अर्ध्या पायलीची सूट दिली आहे. आज हा वाद्यवृंद केवढा आहे आणि नेमके काय काय करतो, तेही लिहा.

मोंढा_रोड (परभणी)

ताई, सोळा वादकांचे आज १८० च्या वर वादक झाले आहेत. इतके असण्याचे कारण असे की त्यांना तीन ठिकाणची सेवा असते. गेवांटहाउसमधील मैफली, शहराच्या ऑपेरागृहातील प्रयोग, आणि शनिवारी थोमास चर्चमध्ये मुलांच्या गायकवृंदासोबत बाखचे कँटाटा, म्हणजे गायन आणि वाद्यांच्या धार्मिक रचना. एकाच संध्याकाळी एक तुकडी ऑपेरात आणि दुसरी मैफलीत असे नेहमी घडते. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पहाऱ्याप्रमाणे एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. या शहरात बाखच्या जागी बाख वाजत राहतो तो असाच. ही तुलना तरी आपण चालवून घ्यावी.

सनईवाला (अंबाजोगाई)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्या सनई वाजते. लग्नसराईत बँड पथकांनी आमचे काम बरेच कमी केले, तरी देवीच्या नवरात्रात अजून बोलावणे येते. धागा वाचताना एक गोष्ट सारखी मनात येत होती. माझ्या आज्याने वाजवलेल्या ज्या चाली वडिलांनी उचलल्या नाहीत, त्या आज्याबरोबर गेल्या. या लोकांचे तसे होत नाही का?

मोंढा_रोड (परभणी)

सनईवाले दादा, त्यांचेही जाते, पण कागदावर उतरलेले परत मिळू शकते. शूबर्ट हा व्हिएन्नाचा रचनाकार १८२८ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारला. त्याची एक प्रचंड मोठी सिंफनी त्याच्या भावाकडे कागदांच्या ढिगात पडून होती. लाइपझिगचा रॉबर्ट शूमान व्हिएन्नाला गेला असता त्याला ती सापडली. त्याने ती लाइपझिगला धाडली, आणि २१ मार्च १८३९ रोजी मेंडेल्सझोनने गेवांटहाउसमध्ये तिचा पहिला प्रयोग केला. ज्याने लिहिली त्याने ती जाहीर मैफलीत कधीच ऐकली नव्हती. तुमच्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. कापडावर लिहिले म्हणून ती चार शतके राहिली. सुरांनाही अशी पासोडी असावी, असे मला ही हकीकत वाचताना वाटले. पण तुमच्या आज्यांच्या फुंकेतली मींड पाश्चात्य स्वरलेखनाच्या पाच रेघांवर कशी उतरली असती, हे मला सांगता येणार नाही.

तुम्ही ऐकायला सुरुवात कुठून करावी, तेही सांगतो. वर उल्लेख केलेला ब्राम्सचा व्हायोलिन कन्चेर्टो इंटरनेटवर सहज मिळेल. त्याचा दुसरा भाग लावा. ओबो नावाचे वाद्य तुमच्या सनईसारखेच दुहेरी पत्तीचे आहे. त्या भागात आरंभी ओबोच लांबलचक चाल वाजवतो, आणि मुख्य व्हायोलिनवादक हातात व्हायोलिन धरून नुसता उभा असतो. एका नामांकित व्हायोलिनवादकाने याच कारणासाठी ही रचना वाजवायचे नाकारले, असे सांगतात.

सनईवाला (अंबाजोगाई)

काल रात्री मोबाइलवर ऐकले. वडील शेजारी खाटेवर होते, त्यांना काहीच सांगितले नव्हते. थोडा वेळ ऐकून त्यांनी विचारले, “हा सनईवाला कुठला? आणि याच्यामागे सूर धरणारे एवढे जण कशाला?” मागे सूर धरणारे कर्णे, बासऱ्या आणि क्लॅरिनेट आहेत असे मी त्यांना सांगितले. व्हायोलिन सुरू झाल्यावर ते म्हणाले, “त्याला थांबव, पहिल्याला पुन्हा लाव.”